जैनब, तू सिंह मारला नव्हतास

जैनब, तुला कबरस्तानात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी औंढ्याचे आबा तुझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात नारळ, खांद्यावर घोंगडी, वहाणा धुळीने माखलेल्या. त्या दिवशी वाघबारस होती. रानात गुरं नेणारे आपले मावळातले लोक दिवाळीच्या तोंडावर वाघोबाला नारळ फोडतात आणि मग जनावरं सोडतात, हे तुला मी काय सांगायचं! दर वर्षासारखे ते तुला न्यायला आले होते. तू गेल्याचं त्यांच्या कानावर गेलंच नव्हतं.

तुझा मुलगा आत कुराण वाचत बसला होता, म्हणून मीच पुढे झाले. "आबा, हबशीणभाभी गेली," म्हटलं. म्हातारा मटकन ओट्यावर बसला. डोक्याचं मुंडासं काढून त्याने मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "आता गुरांवर हात कोन फिरवनार वं?" एवढ्यात त्याची नजर दाराआड उभ्या असलेल्या तुझ्या नातीवर गेली. "ही फिरवंल की. रगत तर त्येच हाय. शिंव्ह मारनारीचं."

मला असा राग आला म्हणून सांगू! आबांचा नव्हे, तुझा. माणसाने जाताना आपल्या थापा तरी बरोबर न्याव्यात. मी आबांना सांगितलं, घरात माणूस गेलंय, चाळीस दिवस पोर कुठे जाणार नाही. "मग म्होरल्या सालाला," ते म्हणाले, "पोरीला सांगून ठिवा." नारळ ओट्यावर ठेवून ते निघून गेले.

तो नारळ उचलत हलीमाने मला विचारलं, "इंदूआजी, पुढल्या साली मी जाऊ? आजीनं खरंच शिंव्ह मारलता का?" दहा वर्षांची पोर. रडून डोळे सुजलेले, पण त्या एका प्रश्नापुरती तिची मान ताठ झाली होती. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी ये, सांगते. आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तू नाहीस म्हणजे आपलं भांडण मिटलं, असं मुळीच समजू नकोस.

तू सिंह मारला नव्हतास, जैनब. मारणं राहू दे, तू लोणावळ्याला येईपर्यंत सिंह बघितलाही नव्हतास. तुझ्या घरची जुनी माणसं गेल्यावर हे जगात दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक आता मी उरले.

तुझं आफ्रिकेतलं मोंबासा मी तुझ्याबरोबर तांदूळ निवडताना पाहिलंय. लोणावळ्याच्या आपल्या चाळीच्या मागच्या ओट्यावर, दुपारी, दोघींच्या मध्ये सूप ठेवून. समुद्राच्या काठी दगडी घरं, त्यांना चुन्याची सफेदी, दारांवर नक्षी. वडील गलबतं बांधणारे सुतार. आणि आई. खिडकीखालच्या दगडी बैठकीवर बसून आई गल्लीतल्या मुलींना कुराण शिकवायची, आणि शिकवून झालं की लांबलचक कवनं म्हणायची. ती तिला तिच्या आईने शिकवलेली, तिच्या आईला तिच्या आईने. तू कधीमधी दोन ओळी म्हणायचीस. मला अक्षर कळत नसे, पण चाल कळायची. मग एकदम थांबायचीस आणि म्हणायचीस, "म्होरचं इसरले." मला नाही वाटत तू विसरली होतीस.

त्या घरातून तुला उस्मानभाईंनी लग्न करून आणलं. तिकडे रेल्वेत फिटर होते, इथल्या कान्हे गावचे. जर्मनीच्या पहिल्या लढाईच्या आधी तुला घेऊन परत आले. तेव्हा तुझी सासू हयात होती, आणि तिनेच तुला मराठी शिकवलं, म्हणून तर जन्मभर तू आमच्यासारखी पुस्तकी न बोलता अस्सल कान्ह्याची बोललीस. नवीन माणूस आलं की तुझा चेहरा बघून हातवारे करायला लागायचं आणि तू म्हणायचीस, "आवं, तोंडानं बोला की, मला समदं कळतंय." त्या माणसाची जी तारांबळ उडायची!

सिंह सासूनेच मारला. लोणावळ्याला माझ्या शेजारी राहायला आल्यावर तूच मला सांगितलंस. कान्ह्यात आल्यावर तू पहिल्यांदा विहिरीवर गेलीस तेव्हा बायका घागरी टाकून मागे सरल्या. कुणी म्हणालं, ही माणसं खाते. कुणी म्हणालं, हिची सावली पाण्यात पडली तर पाणी काळं होईल. तू रिकामी घागर घेऊन परत आलीस आणि चुलीपाशी बसून रडलीस. सासू काही बोलली नाही. तिने पदर खोचला, तुझ्या हाताला धरून तुला पुन्हा विहिरीवर नेलं आणि सगळ्यांदेखत ओरडली, "ही माजी सून साधीसुधी न्हाई! हिनं तिकडं शिंव्ह मारलाय, वागाचा बाप! हिच्या वाटंला कुनी जाल तर बगा." बायकांनी वाट दिली. एकीने तर तुझी घागर शेंदून दिली.

सासू ते लेकरासाठी खोटं बोलावं तसं खोटं बोलली होती. ते एका विहिरीपुरतं होतं. पण आपलं मावळ बाई हे! इथे वाघाला देव मानतात. वाघाच्या बापाला मारणारी म्हटल्यावर गोष्ट विहिरीवर थोडीच थांबणार? दुसऱ्याच वर्षी औंढ्याहून बोलावणं आलं. तिकडे बिबट्या वासरं नेत होता, तेव्हा भाभीने गुरांच्या कपाळावरून हात फिरवावा. आणि तू! तुला गायीची भीती वाटायची, जैनब. शिंगं हललेली दिसली की तू माझ्यामागे लपायचीस. औंढ्याला मी तुझ्याबरोबर एकदा आले होते. दावणीला ओळीने गुरं, आणि तू डोळे मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटत, थरथरत्या हाताने एकेकीच्या कपाळाला बोट लावत चाललेलीस. बायका कुजबुजत होत्या, "अंगात आलंय." परत येताना तू मला म्हणालीस, "काय न्हाई गं, कलमा पडत व्हते. त्या ढवळ्या बैलानं मान हलवली तवा तर मेलेच व्हते."

किती हसलो होतो आपण त्या दिवशी. वाटेत बसून हसलो.

तुला पुस्तकं ऐकायला आवडायची. वाचनालयातून मी कादंबऱ्या आणायची, मी वाचायची आणि तू निवडायचीस, नाहीतर गोधडीला टाके घालायचीस. एका कादंबरीत राजवाडा होता, राणी होती, आणि राणीच्या दारावर पहाऱ्याला एक हबशीण. लेखकमहाराजांनी तिचं असं काही वर्णन केलं होतं की मी एक पान गिळून पुढे गेले. तुझी सुई थांबली. "मदलं वाच की." मी म्हटलं, काही नाही, मधे नुसतं वर्णन आहे. "माजंच हाय नव्हं? मग वाच." वाचलं. काळीकभिन्न, लाल डोळ्यांची, दातओठ खाणारी, माणसाच्या रक्ताला चटावलेली. तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "इंदूबाय, माजं डोळं लाल हायत का गं?" मी म्हटलं, हे लिहिणाऱ्याने जन्मात हबशीण पाहिलेली नाही. तू म्हणालीस, "त्यानं न्हाई पायली. पर हे वाचून जे मला बगतील, त्यांचं काय?"

मी पुस्तक मिटलं. आठवड्याने बघते तर तू बाजारात करवंदंवाल्यापुढे डोळे वटारून उभी! त्याने मुकाट्याने पसाभर करवंदं जास्त घातली. घरी येताना तू फिदीफिदी हसत होतीस. मीही हसले, पण मला ते आवडलं नव्हतं, आणि हे मी तुला तेव्हाच सांगितलं. तू म्हणालीस, "तुला काय जातंय, तुला कोन घाबरतंय?" बरोबरच होतं. रेल्वेतल्या पार्सलबाबूच्या बायकोला कुत्रंसुद्धा घाबरत नाही.

पुण्याला सर्कस आली तेव्हा मी मुद्दाम तुला घेऊन गेले. म्हटलं, ज्याला मारलं त्याचं निदान तोंड तरी बघ. पिंजऱ्यात एक म्हातारा सिंह होता, अंगावरचे केस झडलेले. त्याने जांभई दिली आणि तू माझा दंड असा आवळलास की बोटं उमटली. "ह्यो व्हय? आगं बया, केवढं त्येचं तोंड!" आणि मग लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "लय बारीक हाय ह्यो. आमच्याकडं मोटाले असत्यात." पुढच्या बाकावरची मंडळी वळून तुझ्याकडे बघू लागली. कुणीतरी तुला जागा करून दिली. घाबरून हात अजून गार होता तुझा, आणि चेहऱ्यावर राणीचा रुबाब.

तो बोलपट विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही. मुंबईची कंपनी खंडाळ्याच्या रानात आफ्रिकेचं जंगल करायला आली. त्यांना जंगली बायका पाहिजे होत्या, आणि गावात कुणीतरी सांगितलं, आमच्याकडे खरीखुरी आहे. मोटार आली तुला न्यायला! तू डोक्यावरून पदर घेऊन, नथ घालून गेलीस. कंपनीच्या साहेबाने तुला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग म्हणाला, तुमच्या भाषेत काहीतरी बोला. तू तुझ्या आईच्या कवनातल्या दोन ओळी म्हटल्यास. त्याने मान हलवली. "हे आफ्रिकन वाटत नाही." मग तू मराठीत म्हणालीस, "आवं मी तितलीच हाय." तेव्हा तर तो हसतच सुटला. अखेर मोठं काम मिळालं ते औंढ्याच्या ठकूला, जी गवताचा भारा घेऊन नुसती बघायला उभी राहिली होती. तुला मागच्या रांगेत उभं केलं, तेही तोंडाला काजळी फासून, कारण तू पुरेशी काळी नव्हतीस.

घरी आलीस तेव्हा काजळी कानामागे तशीच होती. हसून हसून तुला बोलता येईना. "आफ्रिकेची मी, आन् आफ्रिकेची जाली औंड्याची ठकी!" मी साबण लावून ती पुसत होते आणि माझ्याच डोळ्यांत पाणी येत होतं. तू म्हणालीस, साबण गेला असंल.

बोलपट लोणावळ्यात लागला तेव्हा दुपारी एक खेळ फक्त बायकांसाठी होता. सगळ्या चाळी रिकाम्या झाल्या. पडद्यावर ठकू शेकोटीभोवती नाचत होती, डोळे फिरवत होती, बांधलेल्या नायकाला टोचून बघत होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी किंचाळली, "ती बगा, हबशीणभाभी!" सगळ्या माना वळल्या. मला वाटलं, तू आता हसून सांगशील की ती मी नव्हे. तू बसल्या जागी सरळ झालीस आणि म्हणालीस, "व्हय. मीच ती."

का गं? ते मी तुला तेव्हा विचारलं नाही. त्या दिवसानंतर मात्र तू स्वतःहून सिंहाची गोष्ट सांगायला लागलीस. आधी लोक सांगायचे आणि तू नाही म्हणायची नाहीस, एवढंच होतं. आता तू सांगायचीस. त्यात भाला आला, अंधारी गुहा आली, ढोल आले. हलीमाने शाळेचं भूगोलाचं पुस्तक आणून त्यातली नाकात हाड घातलेली बाई दाखवली आणि विचारलं, "आजी, ही तू?" तर तू म्हणालीस, "व्हय, पर फोटू बराबर न्हाई आला." पोर खूश. शाळेत तिला मुली चिडवायच्या, तर ती म्हणायची, थांबा, माझी आजी येईल. एवढ्यावर मुली गप्प व्हायच्या, हे मलाही मान्य आहे.

आपलं खरं भांडण झालं ते महिला मंडळाच्या दिवशी. मीच ठरवलं होतं सगळं. तू बायकांपुढे तुझ्या गावाबद्दल बोलायचंस, आईबद्दल, कवनांबद्दल. तूही कबूल झालीस. आदल्या दिवशी माझ्यापुढे बोलून दाखवलंस, आणि काय सुंदर बोललीस! भरतीचं पाणी घराच्या पायरीला लागतं ते, नारळाच्या दुधातला भात, आईच्या हाताला लवंगेचा वास. आणि प्रत्यक्ष सतरंजीवर उभी राहिलीस, पहिल्याच ओळीला एका बाईने विचारलं, "ते राहू दे, सिंहाचं सांगा ना," आणि तू दिलास की सिंह त्यांच्यापुढे टाकून! टाळ्या पडल्या. तुझी ओटी भरली.

परतीच्या वाटेवर मी तुला काय काय बोलले. ढोंगी म्हटलं. सर्कशीतली म्हटलं. म्हटलं, त्या कादंबरीवाल्याने तुझ्यावर अन्याय केला नाही, तू स्वतःच करतेस. तू चालत राहिलीस. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी जायची वाट बघत थांबलो, तेव्हा बोललीस. "इंदूबाय, तुला खरं पायजे, त्यास्नी शिंव्ह पायजे. खरं सांगितलं तर मी कोन? एक काळी बाई. शिंव्ह हाय म्हनून सतरंजीवर बसवत्यात." मी म्हटलं, आणि तुझी आई? ती कोण मग? गाडी गेली, फाटक उघडलं, लोक चालायला लागले, तू तिथेच उभी. "आय माजी हाय. ती माजीच ऱ्हाऊ दे. तिला कशाला बाजारात मांडू? तिच्यावर बी हसतील."

मला पटलं नाही. आजही पटत नाही. पण एवढं कळलं की सिंह तू दाराशी बांधला होतास, आत कुणी येऊ नये म्हणून. आणि मला तू आत घेतलं होतंस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही, उलट भांडलेच. आता म्हणते. मी भाग्यवान होते, जैनब.

फक्त एक गोष्ट तुझ्या हिशेबात नव्हती. शेवटच्या तापात तू मला ओळखलंस, माझा हात धरलास आणि बारीक आवाजात सांगू लागलीस, "आय खिडकीत बसलीवती. आन् शिंव्ह आला. मी भाला घिऊन धावले, पर तवर त्यानं आयला न्हेली." मी म्हटलं, जैनब, असं नाही गं. तुझी आई आजारपणात गेली, उस्मानभाईंच्या दोस्ताने कळवलं होतं, तू इथे होतीस. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मीच खोटं बोलतेय. "न्हाई. शिंव्हानं न्हेली," म्हणालीस आणि डोळे मिटलेस. त्या दाराशी बांधलेल्या जनावराने शेवटी तुझी आई खाल्ली. तेव्हापासून मला झोप नाही.

इथवर काल लिहिलं होतं.

आज दिवस कलताना हलीमा आली. वेणी कुणी घातलेली नव्हती, म्हणून मी तिला पुढ्यात घेऊन बसले. ती म्हणाली, "सांग." तुझं फाटकावरचं बोलणं आठवलं. आई माझीच राहू दे, म्हणाली होतीस. पण तुझ्याजवळसुद्धा ती राहिली नव्हती, जैनब. आणि ही पोर पुढल्या साली औंढ्याला जाणार, मग तिच्या अंगात येणार, मग कुणीतरी तिला काजळी फासणार. मी तुझं ऐकलं नाही.

सांगितलं सगळं. सिंह सासूने मारला, विहिरीवर. दगडी घर सांगितलं, खिडकीखालची बैठक, कुराण शिकायला येणाऱ्या मुली, नारळाचा भात, लवंगेचा वास. कवनाची चाल येते तशी म्हणून दाखवली, शब्दांच्या जागी नुसतं गुणगुणत. वेणी घालून झाली तरी ती वळेना. मग वळून म्हणाली, "मंजी शिंव्ह न्हवताच?"

"नव्हता."

"मंजी आजी आपल्यावानीच व्हती?"

काय पडला होता चेहरा तिचा! भरलेल्या ताटावरून उठवल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, केलं मी वाटोळं. पोरीपाशी एक सिंह होता, तोही काढून घेतला. उद्या शाळेत ती कशाच्या जोरावर उभी राहील? मी "हो" म्हटलं.

ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "आपल्यावानीच व्हती, मग तिला तिच्या आयची आठवन येत आसंल न्हाई?"

जैनब, या लोणावळ्यात, कान्ह्यात, औंढ्यात तुला इतक्या जणांनी इतकं विचारलं. सिंह किती मोठा होता, कच्चं मांस गोड लागतं का, तिकडे कपडे घालतात का. हे एवढं कुणी विचारलं नव्हतं.

"येत होती," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

हलीमाने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, रडू नकोस, आजीला आता बरं वाटत असेल. तर मान हलवून म्हणाली, "आजीसाटी न्हाई. तिच्या आयसाटी."